पासवर्ड विसरला, फाइल उघडेना: काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

माझ्या थोरल्या काकांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहिला. त्यासाठी अकरा वर्षं खपले. नातेवाइकांना पत्रं पाठवली, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उतरवून आणल्या, कोकणातल्या तीन गावांतले सातबारे काढले. सगळं एका वर्ड फाइलमध्ये. काम अर्धवट असताना कोणी परस्पर छापू नये म्हणून त्यांनी फाइलीला पासवर्ड लावला. मग काकू आजारी पडल्या आणि ते काम सात वर्षं तसंच राहिलं. पुन्हा फाइल उघडायला बसले तेव्हा पासवर्ड आठवेना. मला फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, माणसं गेली ती माहिती देऊन. आता कोणाला विचारू?"

ती फाइल उघडली. पण उघडायला दोन महिने लागले, आणि त्यातले सहा आठवडे मी चुकीच्या क्रमानं काम केल्यामुळे गेले. तो क्रम सुधारून इथे मांडतो आहे. हे सगळं स्वतःच्या किंवा मालकानं स्वतः हातात दिलेल्या फाइलींसाठी आहे. दुसऱ्याच्या फाइलीवर त्याच्या परवानगीशिवाय हे केलं, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि फाइली तुम्ही स्वतः बंद केलेल्या नसतील, एका रात्रीत सगळ्या फाइलींच्या नावांपुढे विचित्र अक्षरं लागून खंडणीची चिठ्ठी आली असेल, तर तो रॅन्समवेअरचा हल्ला आहे. त्यासाठी 'नो मोअर रॅन्सम' हा युरोपोलच्या सहभागानं २०१६ पासून चालणारा प्रकल्प पाहा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

आधी थांबा आणि प्रत काढा

पासवर्ड चुकला की माणूस घाबरून एकापाठोपाठ एक अंदाज टाकत सुटतो. साध्या वर्ड, पीडीएफ, झिप फाइलीत त्यानं काही बिघडत नाही, कारण फाइल अंदाज मोजत नाही. पण काही उपकरणं मोजतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्टीफन थॉमस या प्रोग्रामरची गोष्ट २०२१ मध्ये जगभर गाजली. त्याचे ७,००२ बिटकॉइन आयर्नकी या पेन ड्राइव्हमध्ये होते. त्या उपकरणात दहा वेळा पासवर्ड चुकला की आतली माहिती कायमची जाते, आणि त्याचे आठ प्रयत्न संपले होते. तेव्हा आपल्या हातातली वस्तू फाइल आहे की स्वतःची चिप असलेलं उपकरण आहे, हे पाहिल्याशिवाय पुढचा अंदाज टाकू नका.

फाइल असेल तर तिची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, मूळ फाइल बाजूला ठेवा आणि सगळे प्रयोग प्रतीवर करा. विंडोज पुन्हा टाकू नका. 'रीसेट धिस पीसी' दाबू नका. लॉगिनचा पासवर्ड दुकानातून काढून आणू नका. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन टीपीएम (डिस्कची किल्ली सांभाळणारी चिप) पुसू नका. यातली प्रत्येक गोष्ट करून किल्ली कायमची घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी त्यांना कोणीतरी "फॉरमॅट मारा, सगळं सुरळीत होईल" असं सांगितलेलं होतं.

हे नक्की कोणतं कुलूप आहे?

लोक 'पासवर्ड लागलाय' म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं मजकुराचं रूपांतर, झालेलंच नसतं.

एक्सेलची फाइल उघडते, आकडे दिसतात, पण बदल करू देत नाही? ते नुसतं शीट प्रोटेक्शन आहे. नवी एक्सेल फाइल म्हणजे आतून एक झिप असते. प्रतीच्या नावाचं शेपूट (शेवटच्या टिंबापुढचं xlsx) बदलून झिप करा, आतल्या वर्कशीट्स फोल्डरमधली त्या शीटची एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडा, 'शीटप्रोटेक्शन' या शब्दानं सुरू होणारा कंस शोधा आणि तेवढा कंस काढून टाका. पुन्हा झिपमध्ये ठेवून जुनं शेपूट लावा. पाच मिनिटांचं काम आहे. वर्डची फाइल 'रीड ओन्ली' म्हणून उघडत असेल, तर तिथेही मजकूर मोकळाच असतो. तो नव्या नावानं सेव्ह करा.

पीडीएफला दोन पासवर्ड असू शकतात. एक उघडण्याचा, दुसरा छापणं किंवा कॉपी करणं रोखणारा. फाइल उघडत असेल आणि फक्त छपाई अडली असेल, तर क्यूपीडीएफ हा मोफत प्रोग्राम तो निर्बंध काढून नवी प्रत देतो.

सरकारी पीडीएफचा पासवर्ड तुम्ही ठरवलेलाच नसतो, तो नियमानं तयार होतो. ई-आधारला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. नाव तीनच अक्षरांचं असेल तर तीनच. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तेच घ्यायचं, पासपोर्टवरचं नाही. आयकर खात्याच्या एआयएसला, म्हणजे वार्षिक माहिती विवरणाला, पॅन लहान लिपीत आणि त्याला जोडून जन्मतारीख, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. बँकेच्या स्टेटमेंटचा नियम ज्या ईमेलसोबत ते आलं त्याच ईमेलमध्ये लिहिलेला असतो.

एवढ्यावर भागलं नाही, तर मग खरं एन्क्रिप्शन आहे. त्यातही पाहायचं ते हे: पासवर्ड त्या एका फाइलीला आहे, अख्ख्या डिस्कला आहे, की विंडोजच्या खात्याला जोडलेला आहे?

बिटलॉकर: किल्ली बहुतेक वेळा कुठेतरी पडलेली असते

बिटलॉकर म्हणजे अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं कुलूप. एक दिवस लॅपटॉप सुरू केला आणि निळ्या पडद्यानं ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. बायोस अपडेट झाल्यावर, मदरबोर्ड बदलल्यावर किंवा सिक्युअर बूटची सेटिंग हलल्यावर हे होतं. अनेकांना आपल्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन चालू होतं हेच माहीत नसतं, कारण मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं. मात्र तसं होताना किल्लीची प्रतही त्या खात्यात जाते.

म्हणून मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, उपकरणांच्या यादीत तो लॅपटॉप निवडा आणि बिटलॉकरच्या किल्ल्या पाहा. निळ्या पडद्यावर की आयडी दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या यादीशी जुळवा, कारण यादीत जुन्या लॅपटॉपच्या किल्ल्याही असतात. खात्यात काहीच दिसत नसेल तर एक प्रश्न स्वतःला विचारा: लॅपटॉप नवा असताना पहिल्यांदा कोणी चालू केला? दुकानदारानं, मुलानं, की जावयानं? किल्ली त्यांच्या खात्यात गेलेली असू शकते. माझ्या ओळखीतल्या तीन लॅपटॉपच्या किल्ल्या अशाच दुसऱ्यांच्या खात्यात सापडल्या. कचेरीचा किंवा कॉलेजचा लॅपटॉप असेल तर किल्ली तिथल्या आयटी विभागाकडे असते. त्याखेरीज जुने पेन ड्राइव्ह, डाउनलोड फोल्डर आणि कागदपत्रांची पिशवी पाहा. किल्लीची टेक्स्ट फाइल 'बिटलॉकर रिकव्हरी की' या इंग्रजी नावानं सुरू होते.

किल्ली हातानं लिहिलेली असेल आणि एखादा आकडा पुसट झाला असेल तर निराश होऊ नका. त्या ४८ आकड्यांचे सहा-सहाचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ नं निःशेष भाग जातो. समजा गट ३८?५२७ असा आहे. एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा करा: ३ + ? + २ आणि ८ + ५ + ७, म्हणजे २०. या दोन बेरजांतला फरक ० किंवा ११ च्या पटीत हवा. पहिली बेरीज ९ झाली तरच ते जमतं, म्हणून पुसट आकडा ४. एका गटात एकच आकडा पुसट असेल तर उत्तर एकच निघतं. शाळेत शिकलेली ११ ची कसोटी इथे अक्षरशः डिस्क उघडते. शिवाय कोणताही गट ७२०८८५ पेक्षा मोठा नसतो, त्यामुळे पहिला आकडा १ आहे की ७ असा गोंधळही पुष्कळदा सुटतो.

किल्ली कुठेच नसेल आणि टीपीएमही दाद देत नसेल, तर घरच्या साधनांनी बिटलॉकर उघडत नाही. अपवाद एकच. डिस्कला तुम्ही स्वतः पासवर्ड लावला असेल आणि तो अर्धवट आठवत असेल, तर पुढची यंत्राची वाट त्यालाही लागू पडते. मॅकवर फाइलव्हॉल्ट हे तसंच डिस्कचं कुलूप असेल तर चार-चार अक्षरांचे सहा गट असलेली रिकव्हरी की शोधा, किंवा चालू करताना ॲपल खात्यातून उघडण्याची परवानगी दिली होती का ते पाहा.

विंडोजमधलं ईएफएस

फाइलीच्या चिन्हावर छोटं कुलूप किंवा जुन्या विंडोजवर हिरव्या अक्षरातलं नाव दिसत असेल, तर ते ईएफएस, म्हणजे विंडोजचं एकेका फाइलीचं किंवा फोल्डरचं एन्क्रिप्शन. याला वेगळा पासवर्ड नसतो. तुमच्या विंडोज खात्याच्या पासवर्डवरच आतली किल्ली बांधलेली असते. म्हणून दुसऱ्या ॲडमिन खात्यातून किंवा दुकानातल्या सीडीनं तो पासवर्ड काढून टाकला की लॉगिन होतं, पण फाइली बंदच राहतात. तसं झालं असेल आणि जुना पासवर्ड आठवत असेल, तर खात्याला तोच जुना पासवर्ड पुन्हा लावून पाहा. बऱ्याचदा फाइली परत उघडतात. विंडोज नव्यानं टाकलं असेल तर 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर ताबडतोब दुसऱ्या डिस्कवर उचलून ठेवा, कारण तो दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो आणि जुन्या किल्ल्या त्यातल्याच यूजर्स फोल्डरमध्ये असतात. ईएफएसची किल्ली असलेल्या सर्टिफिकेटची पीएफएक्स फाइल कधी काढून ठेवली होती का, तेही शोधा.

तीच फाइल उघडी कुठे आहे?

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती. फाइल पासवर्ड लावूनच जन्माला येत नाही. त्याआधी ती कोणाला ईमेलनं गेली असेल, प्रूफ वाचणाऱ्याकडे असेल, डीटीपीवाल्याच्या संगणकावर असेल, जुन्या मोबाइलच्या व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्समध्ये असेल. जीमेलच्या 'सेंट'मध्ये शोधताना फाइलीचं नाव टाकण्यापेक्षा 'अटॅचमेंट असलेले मेल' हा गाळणा लावा. गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह जुन्या आवृत्त्या ठेवतात. पासवर्ड लावण्याच्या आधीची आवृत्ती तिथे मिळू शकते. विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स' पाहा.

सेव्हन-झिपच्या बंद फाइलीत एक उपयोगी खिडकी असते. नावं लपवण्याचा पर्याय निवडला नसेल, तर पासवर्ड न देताही आतल्या फाइलींची नावं, आकार आणि सीआरसी नावाची खूण दिसते. घरातल्या जुन्या डिस्कांवर त्याच आकाराची आणि त्याच सीआरसीची फाइल सापडली, तर ती तीच फाइल आहे.

काकांच्या बाबतीत १९८ पानं आमच्या आत्येबहिणीच्या मेलमध्ये मोकळी सापडली. पुढची ११६ पानं मात्र फक्त बंद फाइलीत होती.

पासवर्ड बरोबर असूनही 'चूक' म्हणतो तेव्हा

कळफलकावर आधी शंका घ्या. नोटपॅड उघडून पासवर्ड तिथे टाइप करून डोळ्यांनी पाहा. विंडोजची भाषा मराठी इनस्क्रिप्टवर असेल तर ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरं जातात आणि आपल्याला कळत नाही. पासवर्ड लावतानाही तसंच झालं असण्याची शक्यता असते. म्हणून आठवणारा पासवर्ड एकदा मुद्दाम मराठी कळफलक चालू ठेवून, त्याच बटणांवर बोटं ठेवून टाइप करा. अमेरिकी आणि ब्रिटिश कळफलकात ॲट आणि दुहेरी अवतरणाची बटणं अदलाबदल झालेली असतात. परदेशातून आणलेल्या लॅपटॉपवर हे हमखास घडतं. कॅप्स लॉक, नम लॉक आणि वर्डमधून चिकटवताना शेवटी आलेली रिकामी जागा, हेही तपासा.

व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या मोफत प्रोग्रामचं प्रकरण थोडं वेगळं आहे. तो 'पासवर्ड चुकीचा' म्हणतो तेव्हा पाच वेगवेगळी कारणं असू शकतात: पासवर्ड चुकीचा, पासवर्डसोबत द्यायचा पीआयएम हा आकडा वेगळा, कीफाइल (पासवर्डला जोडून लागणारी फाइल) दिलेली नाही, फाइलीचा मथळा (किल्ली असलेला सुरुवातीचा भाग) खराब झालाय, किंवा ती मुळात ट्रूक्रिप्ट या आधीच्या प्रोग्रामची जुनी फाइल आहे. ट्रूक्रिप्टचं काम मे २०१४ मध्ये थांबलं. व्हेराक्रिप्ट त्या जुन्या फाइली उघडत असे, पण २०२३ मधल्या १.२६ या आवृत्तीपासून ती सोय काढून टाकली आहे. तुमची फाइल २०१४ च्या आसपासची असेल तर १.२५.९ ही आवृत्ती मिळवा आणि पासवर्डच्या चौकटीतला 'ट्रूक्रिप्ट मोड' चालू करून पाहा. मथळा खराब असेल, तर त्याची राखीव प्रत त्याच फाइलीच्या शेवटी असते. 'टूल्स'मधल्या 'रिस्टोअर व्हॉल्यूम हेडर'मधून ती परत बसवता येते. अर्थात, प्रतीवर. कीफाइल वापरली असेल तर ती एखादा फोटो किंवा गाणंही असू शकतं, आणि त्या फोटोत नंतर जरा जरी बदल झाला असेल तर तो चालत नाही. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला तोच फोटो म्हणूनच निरुपयोगी.

आठवणींची बैठक

यंत्राकडे जाण्याआधी वही घेऊन बसा. माझे सहा आठवडे इथेच वाया गेले, कारण ही बैठक मी उरकती केली आणि यंत्रावर भिस्त ठेवली.

'पासवर्ड काय होता?' हा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर नसतं म्हणून तर आपण बसलो आहोत. त्याऐवजी विचारा: त्या वर्षी बँकेचा पासवर्ड काय होता? ईमेलचा? वायफायचा? कोणत्या खोलीत बसून लावला? कुठे लिहून ठेवायची सवय होती, डायरीत, कॅलेंडरच्या मागे, एलआयसीच्या फाइलीत? मोठी अक्षरं शिफ्टनं काढता की कॅप्स लॉकनं? आकडे आधी की नंतर? सही करताना नावाचं स्पेलिंग कसं करता? फाइलीची शेवटची तारीख विंडोजमध्ये दिसते, तीवरून त्या दिवसांत घरात काय चाललं होतं ते आठवून द्या. लग्न, बारसं, बदली, नवी गाडी. गाडीचा नंबर पासवर्डमध्ये फार येतो.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पाहा. क्रोममधून ते सगळे एका फाइलीत उतरवता येतात. माणूस पासवर्ड नव्यानं घडवत नाही, जुन्यालाच शेपूट लावतो, हे ती यादी पाहिल्यावर लगेच कळतं. काम झालं की ती यादी मात्र लगेच नष्ट करा, कारण ती उघडी असते.

आणि जे ठामपणे आठवतं त्यावरही पूर्ण विश्वास ठेवू नका. जो ग्रँड या हार्डवेअर तज्ज्ञानं एका माणसाची ट्रूक्रिप्ट फाइल उघडून दिली, ते २०२४ मध्ये जाहीर झालं. आत ४३.६ बिटकॉइनची किल्ली होती. पासवर्ड २० अक्षरी होता आणि २०१३ मध्ये एका पासवर्ड मॅनेजरनं (पासवर्ड घडवून साठवणाऱ्या प्रोग्रामनं) तयार केलेला होता. त्या मॅनेजरची जुनी आवृत्ती संगणकाच्या घड्याळावरून पासवर्ड घडवत होती, म्हणून घड्याळ मागे नेऊन तो शोधता येत होता. पण मालकाच्या इतर पासवर्डांत विशेष चिन्हं होती, म्हणून यातही असतील असं धरून शोध चालला आणि काहीच मिळेना. चिन्हं नाहीत असं धरल्यावर मिळाला.

मराठी माणसाच्या पासवर्डची स्वतःची एक अडचण आहे. आपण मराठी शब्द रोमन लिपीत लिहितो आणि त्याला ठरलेलं स्पेलिंग नाही. काका म्हणाले, "कुलदेवतेचं नाव आणि साल." आमची कुलदेवता अंबाजोगाईची योगेश्वरी, घरात म्हणताना जोगेश्वरी. सुरुवात वायनं की जेनं, हे दोन प्रकार. 'श' साठी एस-एच की नुसता एस, हे दोन. 'व' साठी डब्ल्यू की व्ही, हे दोन. शेवटची 'री' आर-आय, आर-डबल ई की आर-वाय, हे तीन. एका शब्दाची २४ रूपं झाली. सगळी अक्षरं लहान, फक्त पहिलं मोठं, सगळी मोठी, असं धरलं की ७२. ही ७२ रूपं साध्या नोटपॅड फाइलीत, एका ओळीला एक, अशी लिहा. याला शब्दयादी म्हणू.

यंत्राला काम लावणं

यासाठी दोन मोफत प्रोग्राम वर्षानुवर्षं वापरले जातात: जॉन द रिपर आणि हॅशकॅट. दोन्ही त्यांच्या अधिकृत पानांवरूनच उतरवा. अँटीव्हायरस त्यांना धोकादायक ठरवून अडवतो, कारण चोरही हीच साधनं वापरतात. म्हणूनच भलत्या ठिकाणाहून घेऊ नका.

पहिलं काम, फाइलीतून हॅश काढणं. हॅश म्हणजे अंदाज बरोबर की चूक हे पडताळायला पुरणारी सांकेतिक ओळ. जॉनसोबत प्रत्येक प्रकारच्या फाइलीसाठी छोटी साधनं येतात: ऑफिससाठी ऑफिस-टू-जॉन, झिपसाठी झिप-टू-जॉन, पीडीएफसाठी पीडीएफ-टू-जॉन. काहींना पायथॉन लागतं, सेव्हन-झिपच्या साधनाला पर्ल. साधनाला फाइल दाखवली की एक लांबलचक ओळ बाहेर येते. काकांच्या ओळीत २०१० आणि १००००० हे आकडे स्पष्ट दिसत होते: वर्ड २०१० आणि प्रत्येक अंदाजामागे एक लाख वेळा गणित. हॅशकॅट वापरणार असाल तर ओळीच्या सुरुवातीचं फाइलीचं नाव आणि त्यामागचं कोलनचं चिन्ह (:) काढून टाका, नाहीतर तो ओळ ओळखत नाही. प्रकाराचे क्रमांकही द्यावे लागतात: ऑफिस २००७ ला ९४००, २०१० ला ९५००, २०१३ आणि पुढच्यांना ९६००, रार-५ ला १३०००, सेव्हन-झिपला ११६००.

दुसरं काम, चाचणी. त्याच वर्डमध्ये एक रिकामी फाइल करा, तिला माहीत असलेला पासवर्ड लावा आणि सगळी वाट तिच्यावर चालून पाहा. पासवर्ड सापडला तरच खऱ्या फाइलीकडे वळा. ही चाचणी न करता मी बारा रात्री लॅपटॉप चालवला आणि नंतर कळलं की प्रकाराचा क्रमांकच चुकीचा दिला होता.

तिसरं काम, अंदाज पुरवणं. आधी शब्दयादी नुसती. मग यादीतल्या प्रत्येक शब्दामागे आकडे, याला हॅशकॅटमध्ये हायब्रिड म्हणतात, क्रमांक ६. चार आकडे हवे असतील तर प्रश्नचिन्ह आणि इंग्रजी लहान डी हे चार वेळा लिहायचं. हेच एल घेऊन लिहिलं की लहान अक्षर आणि एस घेऊन लिहिलं की विशेष चिन्ह.

वेळ किती लागेल हे आधी गणितानं पाहा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर सेकंदाला साधारण ४०० अंदाज होत होते. ७२ रूपं, त्यामागे १९०० ते २०२५ ही १२६ सालं आणि शेवटी काही नाही किंवा तीनपैकी एक चिन्ह, मिळून ३६,२८८ अंदाज. दीड मिनिट. आता याउलट पाहा: आठ लहान इंग्रजी अक्षरं, काहीच आठवत नाही, तर २०,८८२ कोटी शक्यता. सेकंदाला हजार अंदाज धरले तरी साडेसहा वर्षं. आठही जागी मोठी-लहान अक्षरं, आकडे, चिन्हं काहीही चालत असेल, तर दोन लाख वर्षांहून जास्त. म्हणून महागड्या ग्राफिक्स कार्डापेक्षा वहीतली एक ओळ जास्त कामाची ठरते.

काकांचे ३६,२८८ अंदाज संपले, काही सापडलं नाही. मी इतर शब्दांकडे वळलो, गोत्र, गावाचं नाव, नातवंडांची नावं, आणि आठवडे घालवले. शेवटी एका रविवारी सालांची मर्यादा काढून टाकली आणि शून्यापासून ९९९९ पर्यंत सगळे आकडे लावले. २८ लाख ८० हजार अंदाज, फार तर दोन तास. पन्नासाव्या मिनिटाला पडद्यावर ओळ आली: जोगेश्वरी, जेनं सुरू, व्ही घेऊन, आणि पुढे १६९८. मी काकांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "अरे, साल म्हणजे शके! मूळपुरुष गाव सोडून निघाले ते." शके १६९८, म्हणजे इसवी सन १७७६. त्यांनी मला अगदी खरं सांगितलं होतं. 'कोणतं साल?' एवढं मी विचारलं नव्हतं.

यंत्र रात्रभर चालवताना चार्जर लावून ठेवा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, स्लीप बंद करा. सत्राला नाव दिलं तर वीज गेल्यावर हॅशकॅट तिथूनच पुढे सुरू करता येतो, आणि महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी हे लक्षात ठेवायलाच हवं.

जुन्या फाइलींना मिळणारी सवलत

वर्ड आणि एक्सेलच्या ९७ ते २००३ या काळातल्या जुन्या शेपटाच्या फाइलींत नेहमीची सेटिंग ४० बिटांच्या किल्लीची होती. एकूण किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी. आकडा मोठा वाटतो, पण आजच्या ग्राफिक्स कार्डाला तो संपवता येतो. पासवर्ड कितीही लांब असला तरी अशी फाइल उघडते. तुमची फाइल या काळातली असेल तर आशा सोडू नका.

झिपचंही तसंच. सेव्हन-झिपमध्ये फाइल उघडून 'मेथड' हा रकाना पाहा. तिथे एईएस ही मजबूत पद्धत असेल तर पुन्हा शब्दयादीकडे जा. 'झिपक्रिप्टो' असेल तर पद्धत जुनी आहे. ती फोडण्याची रीत बिहाम आणि कोकर या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिली. बीकेक्रॅक हा प्रोग्राम ती वापरतो आणि त्याला पासवर्ड लागतच नाही. त्याला आतल्या एखाद्या फाइलीतले निदान १२ बाइट माहीत असावे लागतात, त्यातले आठ सलग. व्यवहारात याचा अर्थ, झिपमधली एक फाइल बाहेर मूळ रूपात असली पाहिजे आणि ती त्याच पद्धतीनं दाबता आली पाहिजे. लग्नाच्या फोटोंची झिप असेल तर त्यातला एक फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर किंवा ईमेलमध्ये शोधा.

कधी थांबायचं, आणि कोणाकडे जायचं

सेव्हन-झिप प्रत्येक अंदाजामागे ५,२४,२८८ वेळा गणित करतो आणि व्हेराक्रिप्टच्या साध्या फाइलीत ते पाच लाख वेळा होतं. इथे अंदाज काही लाखांच्या पलीकडे गेले की घरचं यंत्र पुरत नाही. पासवर्ड दहा-बारा अक्षरी, यंत्रानं घडवलेला आणि कुठेच न साठवलेला असेल, तर थांबा. पण फाइल पुसू नका. तिची प्रत आणि वहीतली टिपणं एकत्र ठेवा. माणसाला दोन वर्षांनी भाजी निवडताना आठवतं.

बाहेरची मदत घेताना अख्खी फाइल कोणत्याही अनोळखी ठिकाणी चढवू नका. ऑफिसच्या फाइलीची हॅश-ओळ दिली तरी काम होतं. त्या ओळीत मजकूर नसतो. सेव्हन-झिप आणि झिपच्या ओळीत मात्र आतल्या माहितीचा तुकडा असू शकतो, तेव्हा तिथे जपून. 'शंभर टक्के उघडून देतो, आधी पैसे' म्हणणाऱ्याला नकार द्या. प्रामाणिक माणूस आधी फाइलीचा प्रकार आणि वर्ष विचारतो.

उघडल्यावर लगेच

फाइल उघडली की बंद करू नका. वर्डमध्ये 'फाइल', मग 'इन्फो', 'प्रोटेक्ट डॉक्युमेंट' आणि 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. चौकटीतले ठिपके पुसून ती रिकामी ठेवा, ओके म्हणा आणि नव्या नावानं सेव्ह करा. ती बंद करून पुन्हा उघडून पाहा. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. बिटलॉकरची डिस्क उघडली असेल तर त्याच बैठकीत कंट्रोल पॅनलमधून रिकव्हरी कीची प्रत काढून छापा. हॅशकॅट सापडलेले पासवर्ड स्वतःच्या पॉटफाइलमध्ये उघडे लिहून ठेवतो, ती फाइल आणि तुमच्या शब्दयाद्याही पुसून टाका.

काकांनी ३१४ पानं छापून घेतली, दोन प्रती. एक अंबाजोगाईला देवीसमोर ठेवून आणली. दुसरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं पुढच्या पिढीच्या जन्मतारखा लिहायला सुरुवात केली आहे, इसवी सनात आणि कंसात शके घालून.